पहिली वाफ

दूर उत्तरेतल्या यलोनाइफ गावी गोठलेल्या तळ्यावरचा रस्ता त्या सकाळी खुला होणार होता. ट्रकतळाचा नियम एकच: ज्याच्या इंजिनाची वाफ पहिली, तो ताफ्याच्या पुढे. निवृत्तीआधी एकदा तरी इर्माला पुढे जायचं होतं.

"म्हातारे, तुझा खटारा आता उन्हाळ्यातच खोकणार!" शेजारच्या ट्रकमधून डेल्बर्ट ओरडला.

"तू आधी तुझी दाढी वितळव!"

इर्माने किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं, खोकलं आणि धडधडलं! धुराड्यातून पांढराशुभ्र ढग सुटला. थंडी अशी, की ढग जागीच थिजला आणि एक डोमकावळा ऐटीत त्यावर येऊन बसला.

"पहिली! मीच पहिली!" इर्मा सीटवरच नाचायला लागली.

डेल्बर्टचं इंजिन मात्र हूं की चूं करेना.

रात्रभर इंजिन उबदार ठेवणाऱ्या हीटरची वायर काढायला इर्मा खाली उतरली. तिची पिवळी वायर कोल्ह्याने कुरतडून बर्फात टाकली होती. तिच्या ट्रकला खोचलेली वायर लाल होती, डेल्बर्टची.

"अरे, ही इकडे कशी?"

"अंधारात चुकलो. बर्फाखाली सगळे ट्रक सारखेच दिसतात," डेल्बर्ट दुसरीकडे बघत म्हणाला. "आता निघ लवकर, कावळा उडाला तर ढग डोक्यात पडेल!"