पडवी

मे महिन्यात, भर चार वाजता, सरिता सिस्टरने प्रसूतीच्या खोलीतला पंखा बंद केला. खाटेवर शिला कळा देत होती. तिची आई मिराबाई थांबलेल्या पात्यांकडे बघत राहिली.

साखऱ्याजवळच्या तांड्यावरचा हा दवाखाना छतावरच्या सोलरवर चालायचा. दिवसभरात बॅटरीत साठेल तेवढीच वीज. पंखा असाच चालू ठेवला तर रात्री लसीच्या फ्रिजला ती पुरणार नव्हती, आणि उद्या तांड्यावरच्या लेकरांना डोस द्यायचे होते. सरिताने हे समजावून सांगितलं.

"बाई, माझी पोरगी उकडून मरून राहिली," मिराबाई म्हणाली.

खोलीची पश्चिमेची भिंत जवळजवळ सगळी काचेची होती. नकाशात तिथं लहान खिडकी होती आणि बाहेर खोल पडवी. त्या सावलीच्या भरवशावरच विजेचा हिशेब बसवलेला होता. नकाशातून पडवी काढायला लावली ती शिलाच्या वडिलांनी, तांड्याचे प्रमुख मोहनसिंग नाईक यांनी. एवढी वर्षं गाड्या तांड्यासमोरून न थांबता गेल्या. पडवीमागं दवाखाना कुणाला दिसणार, असं त्यांचं म्हणणं होतं. इंजिनिअरने फार ताणलं नाही. काच बसली, तिच्यावर लाल अक्षरांत नाईकांचं नाव आलं. त्या दिवशी तांड्यात गूळ वाटला होता.

आता काचेला आतून गोधडी लावली होती. गोधडीही तापली होती.

मोहनसिंग बाहेर थांबले होते. सरिता दारात आली. "नाईक, काच बाहेरून झाका. आतून काही उपयोग न्हाई."

मोहनसिंगांनी घरून ताडपत्री आणली. काँक्रीटमध्ये खिळा शिरेना. दोरी बांधावी तर खांब नव्हता. शेवटी ते बाकावर चढले आणि दोन्ही हात वर करून ताडपत्री धरून उभे राहिले. नाव झाकलं गेलं.

समोरून सेनगावची एसटी गेली. कंडक्टर खिडकीतून ओरडला, "काहो नाईक, दवाखाना विकला का काय?" गाडीतले लोक हसले. मोहनसिंगांनी मान वळवली नाही. दंड भरून आले होते.

आतून शिलाचा आवाज आला, मग बराच वेळ आलाच नाही.

"सिस्टर," त्यांनी ताडपत्रीआडून विचारलं, "झालं का?"

"अजून न्हाई. हात खाली घेऊ नका."