एकही रजा नाही

“अकरा वर्षं. एकही रजा नाही!”

झुंबर आबांनी हातातला कागद खाली घेतला आणि चष्म्यावरून सगळ्या मांडवाकडं पाहिलं. टाळ्या पडल्या. सणसरजवळच्या त्या वृद्धाश्रमाचा वर्धापनदिन होता. व्यासपीठाच्या कडेला पुतळाबाई उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. शेवटी या कचेरीवाल्यांना झुकवलंच, आबांच्या मनात आलं, आणि त्यांना फार बरं वाटलं.

हे सुखासुखी झालं नव्हतं. ‘उत्कृष्ट सेवक’ म्हणून दरवर्षी शाल मिळायची ती कचेरीतल्या कुणाला तरी. एका वर्षी टंकलेखकाला. गेल्या वर्षी तर विश्वस्तांची जीप चालवणाऱ्याला! तेव्हा आबांचं डोकंच फिरलं होतं. त्या गड्यानं आश्रमातल्या एका तरी म्हाताऱ्याला कधी तांब्याभर पाणी दिलं होतं का? आणि जी पुतळाबाई पहाटे पाचला उठून अंथरुणाला खिळलेल्यांची अंगं पुसते, त्यांच्या चादरी धुते, जयवंताबाईला दिसत नाही म्हणून ताटात भाजी कुठं आणि भात कुठं ते रोज तिचा हात धरून दाखवते, तिचं नावसुद्धा कुणी घेत नाही. ‘आया’ म्हटलं की झालं.

आश्रमात राहायला येण्याआधी आबांनी तीस वर्षं साखर कारखान्यात वजनकाट्यावर काढली होती. मापात खोट दिसली की त्यांच्यानं गप्प बसवत नसे. यंदा त्यांनी स्वतः अर्ज लिहिला, सत्तावीस जणांच्या सह्या आणि अंगठे घेतले आणि तो व्यवस्थापक रवींद्र साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

“आबा, आयांना बक्षीस द्यायची आपल्याकडं पद्धत नाही,” साहेब म्हणाले.

“मग पद्धत बदला. न्हायतर त्या दिवशी आमी कुणी मांडवात येत न्हाय. पाव्हण्यांना बसवा रिकाम्या खुर्च्यांपुढं!”

साहेबांनी मुकाट्यानं पुतळाबाईचं नाव लिहून घेतलं होतं.

आता प्रमुख पाहुण्यांनी तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. रवींद्र साहेबांनी माईक तिच्यापुढं धरला. “पुतळाबाई, दोन शब्द बोला.”

तिनं आधी मान हलवली. मग आबांच्या हातातल्या कागदाकडं पाहिलं आणि माईक धरला.

“आबांची माया मला ठावं हाय. पर कागदात एक चुकलंय. मी रजा मागितलीच न्हाय, असं न्हाय. एकदा मागितली व्हती. मिळाली न्हाय.”

तिनं नारळ काखेत धरला.

“दोन वर्सांमागं कोऱ्हाळ्याला आई लई आजारी व्हती. भाऊ निरोप घिऊन आला. मी पिशवी भरली, रजा मागितली. न्हाय म्हणाले. तिसऱ्या दिशी आई गेली. आठवड्याच्या सुट्टीला मी पोचले, तवा सगळं आटपलं व्हतं. त्याचं बक्षीस मला नगं.”

तिनं शाल काढली, नीट घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली. नारळ वर ठेवला.

साहेबांनी घाईनं माईक ओढून घेतला. “मंडळी, बघा! केवढा हा त्याग! कर्तव्यापुढं आईसुद्धा... होऊन जाऊ द्या, जोरदार टाळ्या!”

आणि काही जणांनी खरंच टाळ्या वाजवल्या.

“बंद करा टाळ्या!” आबा ओरडले. “आई मरायला टेकली आन् लेकीला सोडलं न्हाय, ह्याला त्याग म्हणता? लाजा कशा वाटत न्हाईत? साहेब, कुणी न्हाय म्हटलं हिला?”

साहेबांनी पाहुण्यांकडं पाहिलं, मग जमिनीकडं. “आबा, बसा खाली. नंतर बोलू.”

“नंतर न्हाय, आत्ता! त्यो कोण माणूस असंल त्यानं हितं पुढं यायचं. समद्यांदेखत हिची माफी मागायची. त्याबिगर हितनं कुणी जेवायला उठायचं न्हाय!”

“बराबर हाय!” पुढच्या रांगेतून आवाज आला. काठ्या जमिनीवर आपटल्या. सत्तावीस म्हातारी माणसं नावाची वाट बघत बसली. साहेब काही बोलणार, तोच पुतळाबाई झटक्यानं आबांजवळ आली. औषध देताना वाकायची तशी त्यांच्या कानाशी वाकली. दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू बोलली.

“जाऊ द्या, आबा. तुमास्नी ताप व्हता तवा. तुमीच साहेबांना म्हणाला, हिला सोडू नका.”

आबांना तो ताप आठवला. कपाळावरच्या ओल्या पट्ट्या आठवल्या. पुतळाबाई पिशवी घेऊन दारात उभी होती, शेजारी साहेब, आणि आपण पडल्या पडल्या हात हलवून बोललो होतो. साहेबांनी लगेच मान डोलावली होती. ती पिशवी घेऊन कुठं निघाली होती, ते त्यांनी विचारलं नव्हतं. बरं झाल्यावरही नाही.

“नाव कळलं का, आबा?” मागून कुणीतरी ओरडलं. “सांगा की मोठ्यांदा!”

पुतळाबाईनं त्यांचा दंड धरला, खाली बसवायला. तिनं नाव घेतलं नव्हतं आणि ती घेणारही नव्हती. साहेबही सांगणार नव्हते.

आबांनी तिचा हात हळूच सोडवला आणि माईक स्वतःकडं ओढला.

“त्यो माणूस मी हाय,” ते म्हणाले, आणि सगळ्या मांडवादेखत त्यांनी पुतळाबाईपुढं हात जोडले.