भिवाची झोप

शांततेत रुग्ण लवकर बरे होतात, हे नवं संशोधन वाचून आखातातल्या अल ऐनच्या इस्पितळातल्या हेड नर्स मैथिली सिस्टरांनी दुपारी वॉर्ड अगदी चिडीचूप करून टाकला. तरी पाय मोडलेल्या भिवाला झोप लागेना, बीपी काही उतरेना आणि त्याचं ऑपरेशन पुढं गेलं.

"भिवा, झोप का लागत नाही? घरची काळजी वाटते?"

"काळजी कसली, सिस्टर! कामगारांच्या कॅम्पात आम्ही दहा जण एका खोलीत घोरतो. इथं एवढं सामसूम, की कोणीतरी गेलंय असंच वाटतं."

सिस्टरांनी त्याचा पलंग लगेच खानसाहेबांशेजारी हलवला. त्यांच्या घोरण्याला अख्खा वॉर्ड कंटाळल्यानं त्या रुग्णाला टोकाच्या खोलीत एकटं ठेवलं होतं.

संध्याकाळी बीपी मोजायला भिवाला गदागदा हलवून उठवावं लागलं.