वच्छलाचे शिंगाडे

"मंग त्या माणसानं काय केलं, गुरुजी?"

तलावाच्या पाळीवर, मोहाच्या सावलीत डोमा गुरुजी मांडीवर जाड पुस्तक घेऊन बसले होते. देशोदेशीच्या गोष्टी होत्या त्यात. गुरुजी इंग्रजीतलं वाचायचे अन् गावच्या बोलीत सांगायचे. आज आयर्लंडची गोष्ट होती. चार ढिवर जाळी सांधता सांधता ऐकत होते.

"काई नाई केलं. कुंपणापलीकडची बाई त्याले आवडे. तिलेबी तो आवडे. पण हा म्हणे, बटाटे निघू दे, मंग इचारतो. बटाटे निघाले. मंग म्हणे, छप्पर शाकारून होऊ दे."

त्यातल्या लच्छूचा हात जाळ्यावरच थांबला. त्याच्या घरावरचं गवत यंदाही बदलायचं राहिलं होतं.

"अन् एक दिवस ते बाई अमेरिकेले चालली. हा धक्क्यावर पोचवाले गेला अन् तिले म्हणे, आज वारा चांगला आहे."

सगळे हसले. लच्छू नाही हसला. जाळं तिथंच टाकून तो उठला.

"अरे, शेवट तर आयक!"

पण लच्छू पाळ उतरून गेलासुद्धा.

वच्छला गुडघाभर पाण्यात शिंगाडे तोडत होती. नवरा वारल्यापासून एकटीच राहायची. माजरीच्या कोळसाखाणीत कामाला असलेला तिचा भाऊ झाडू तिला कायमची न्यायला आला होता. बंडी दारात जुंपून तयार होती. संध्याकाळी नागभीडहून गाडी.

लच्छू काठावर उभा राहिला.

"शिंगाडे बरे आले अवंदा," तो म्हणाला.

"हो."

आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. तो धोतरासकट पाण्यात शिरला.

"वच्छला, माजरीले जाऊ नको. माह्याशी पाट लाव."

ती वळली. "हे आज सुचलं तुले?"

"नाई. लय दिवसांचं मनात होतं. गुरुजी गोष्ट सांगून राह्यले होते, तिकडल्या देशातली. त्यातला माणूस..."

"एवढं इचाराले तुले इंग्रजी पुस्तक लागलं काय रे?"

चिडली वाटतं, लच्छूला वाटलं. पण तिनं पाणी गळणारं टोपलं त्याच्या हातात दिलं.

"धर. अन् चाल पुढं."

दारात झाडू घाई करत होता. "आटप बाई, गाडी चुकन."

"शिंगाडे उकडते," वच्छला म्हणाली. "खाऊन जा. वहिनीलेबी बांधून देते."

झाडूनं लच्छूकडं पाहिलं. छातीशी टोपलं, निथळणारं धोतर अन् तोंडभर हसू. त्यानं बैलांच्या मानेवरचं जू उतरवलं अन् बंडीतलं बहिणीचं गाठोडं परत घरात नेऊन ठेवलं.