बुधवारची प्रॅक्टिस

"वहिनी, बुधवारी आमची प्रॅक्टिस नसते," केयूर बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

विक्रमच्या बँडमध्ये गिटार वाजवणारा केयूर एक केबल न्यायला घरी आला होता. हेमाने त्याला केबल दिली, पाणी दिलं, त्याच्या आईची चौकशीही केली. तो गेल्यावर दार लावून ती तिथेच उभी राहिली. गेले कित्येक महिने विक्रम दर बुधवारी दुपारी प्रॅक्टिसला म्हणून बाहेर पडत होता.

तिने बहिणीला फोन लावला.

"मैना, हल्ली तो माझं काही ऐकतच नाही गं."

"लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुणाचा नवरा ऐकतो?" मैना म्हणाली.

हेमाला हसू आलं नाही.

विक्रम हडपसरचा. त्याच्या वडिलांच्या, सर्जेरावांच्या उसाच्या रानात पुढे बिल्डरचे टॉवर उभे राहिले, पण तेव्हा ऊस होता आणि हा मुलगा ट्रॅक्टरच्या बॉनेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळं वाजवत सुटायचा. "हाताला घावंल ते बडवतंय," असं सर्जेराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. मग तो ढोल-ताशा पथकात आला. तो ताशावर, हेमा ढोलावर. सराव चालू असताना एकदा तो मागे वळूनही न बघता म्हणाला होता, "हेमा, आज दमलीस तू. बस जरा." एवढ्या ढोलांमधून त्याने तिचा ढोल ओळखला होता. हेमा त्याच दिवशी त्याच्या प्रेमात पडली.

तिच्या वडिलांचं बुधवार पेठेत स्पीकर, अँप्लिफायरचं दुकान होतं. त्यांच्या मागे लागून तिनेच त्याला जुना ड्रमसेट मिळवून दिला. त्यावर तो घडला. आधी कॉलेजच्या स्पर्धा, मग हॉटेलांमधले कार्यक्रम, मग स्वतःचा बँड, आणि मग अचानक सगळीकडे तोच. चौकाचौकात त्याचे फ्लेक्स लागले. कार्यक्रमानंतर मुली सही घ्यायला हात पुढे करायच्या. हेमाला त्यांचं कधी काही वाटलं नाही, कारण विक्रम त्यांच्याकडे बघतही नसे.

पण तो हेमाकडेही बघेनासा झाला होता. फोन उचलायचा नाही, नुसते मेसेज पाठवायचा. रात्री दिवा मालवला की बोलणं बंद. स्टेजवर हल्ली अनवाणी बसायचा; पेपरवाल्यांनी त्याचंही कौतुक केलं. हेमाला तो नखरा वाटायचा. एकदा पोळ्या लाटता लाटता, ओट्याकडे तोंड करूनच ती म्हणाली, "फार मोठा माणूस झालास तू." त्याने उत्तरसुद्धा दिलं नाही. जेवत राहिला.

पुढच्या बुधवारी तो इस्त्रीचा निळा शर्ट घालून निघाला.

"प्रॅक्टिस?" तिने त्याच्यासमोर येऊन विचारलं.

"हो. उशीर होईल." तो हसला.

त्याची गाडी फाटकाबाहेर पडताच तिने रिक्षा थांबवली. "त्या काळ्या गाडीच्या मागे घ्या."

"साहेब आपले का?" रिक्षावाल्याने विचारलं.

"आजपर्यंत तरी."

खराडीत कंपन्यांच्या काचेच्या इमारती मागे टाकून गाडी एका गल्लीतल्या बैठ्या घरासमोर थांबली. विक्रम बेल न वाजवता आत गेला. हेमा कुंपणाशी थांबली. खिडकी उघडी होती.

आत एक बाई बसली होती. हेमाच्याच वयाची, कापलेले केस, साधी पण नीटनेटकी. विक्रम तिच्यासमोर बसला होता, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ. ती बोलत होती आणि तो तिच्या ओठांकडे बघत होता. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. जगात दुसरं काही नसल्यासारखा. मग तिने त्याचा हात घेतला आणि आपल्या गळ्यावर ठेवला. विक्रमने डोळे मिटले.

हेमाने कुंपणाची सळई घट्ट धरली. त्या स्पर्शापेक्षा त्या नजरेने तिला जास्त जाळलं. तशा नजरेसाठी ती किती दिवस झुरत होती.

त्याने डोळे उघडल्यावर ती बाई म्हणाली, "बायकोला कधी सांगणार? असं किती दिवस फसवायचं तिला?"

"सांगितलं की सगळं संपेल, नीरजा," विक्रम म्हणाला.

"आज ना उद्या तिला कळेलच."

"तेव्हाचं तेव्हा बघू."

दार नुसतं लोटलेलं होतं. हेमा आत शिरली आणि विक्रमच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली.

"विक्रम."

तो वळला नाही. नीरजाने मात्र बोलता बोलता थांबून, दचकून वर बघितलं.

"विक्रम!"

त्याची मानही हलली नाही.

"माझ्याकडे बघायची लाज वाटते ना? मग नको बघूस," हेमा म्हणाली. "मी मैनाकडे जातेय. परत येणार नाही. तू मोठा झालास याचं मला कधी वाईट वाटलं नाही. त्या पोरींचंही वाटलं नाही. पण हिच्याकडे बघतोस तसं एकदा तरी माझ्याकडे बघायचं होतंस." ती ओरडली. "एकदा तरी!"

विक्रम अजूनही त्या बाईच्याच चेहऱ्याकडे बघत होता.

"काय झालं?" त्याने नीरजाला हळुवारपणे विचारलं. "मध्येच का थांबलात?"

हेमाला वाटलं, याहून मोठा अपमान कुणी कुणाचा केला नसेल. ती दाराकडे वळली.

"अहो, जाऊ नका," नीरजा उठत म्हणाली. "इकडे समोर येऊन बोला, म्हणजे ते तुमचे ओठ वाचतील. तेवढंच शिकवते मी त्यांना. त्यांना आता काहीच ऐकू येत नाही."