टॅक्समाफीचा खास नियम

"मुलींच्या दप्तरांबरोबर आईचे बूट घेतले, तरच बिलावर टॅक्स माफ. नियमच तसाय," हेमंतने गंभीर चेहऱ्याने बायकोला थाप मारली.

टेक्सासमध्ये ऑगस्टात तीन दिवस कपडे, बूट, शाळेच्या सामानावर टॅक्स नसतो. शलाका घरादाराची खरेदी तेव्हाच उरकायची, आणि स्वतःसाठी घ्यायची वेळ आली की बजेट नेमकं संपायचं. पाळणाघरात दिवसभर उभी राहणारी ही बाई बूट मात्र गोंद लावून लावून वापरत होती.

"कुठं लिहिलंय? दाखवा."

"फोनची बॅटरी गेलीये. पण उगाच कशाला विषाची परीक्षा?"

कुरकुरत तिने निळे बूट पायात घातले, चार पावलं टाकली, मग आणखी चार. हेमंत मिशीत हसला.

काउंटरवर पोचले, आणि त्याच्या खिशातला फोन खणखणून वाजला. शलाकाने बूट उचलले. आता परत ठेवणार, या धास्तीने त्याने डोळेच मिटले.

उघडले तर काउंटरवर बूट होते, आणि त्यांच्यावर त्याच्या मापाचा चौकड्यांचा शर्ट.

"नियम मी सकाळीच वाचलाय," ती म्हणाली. "आईने बूट घेतले, की विरलेल्या कॉलरच्या बाबांना शर्ट घ्यावाच लागतो. फोन उचला आता."