हात न लावता

निवृत्त झाल्यावर बाबांनी थेरेमिन नावाचं वाद्य घरी आणलं. त्याला हात लावायचाच नसतो. त्याच्या दांडीसमोर हवेत हात हलवला की ते मांजरानं गळा काढावा तसं गातं. माणूस जितका जवळ, तितका सूर वर. म्हणून बाबांनी फर्मान काढलं, "मी वाजवताना कुणी आसपास फिरकायचं नाही." आता घरात उरलेलं 'कुणी' म्हणजे एकटी आई.

त्यात थेरेमिनला खिडकीजवळची जागा हवी होती, म्हणून आईचं शिलाई मशीन बाल्कनीत गेलं. आईनं अबोला धरला. बाबा वाजवायला उभे राहिले की ती स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घ्यायची.

बाबा मला रोज फोनवर आपलं वादन पाठवतात. कालची चाल शेवटच्या ओळीपर्यंत छान जमली होती. तिथे मात्र सूर सरकत सरकत जो वर गेला, तो खाली आलाच नाही. मी लगेच फोन लावला.

"बाबा, धापा कसल्या टाकताय?"

"तुझ्या आईचं मशीन आत ओढतोय. बोल."

"कालचं पुन्हा वाजवून पाठवा ना. शेवटी पार बेसूर झालंय."

"मुळीच नाही. तेच जपून ठेव."

"अहो, पण सूर केवढा चढलाय."



"माझा हात जागचा हलला नव्हता गं. तुझी आई शेजारी येऊन उभी राहिली होती."